काट्यावर चढण्याआधी: स्पर्धेच्या मल्लाने वजन कसं सांभाळावं

निवड चाचणीच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता वसतिगृहाच्या जिन्यात एक पोरगा धावत वर-खाली करत होता. अंगात दोन टी-शर्ट, त्यावर प्लॅस्टिकचा सूट, त्यावर घोंगडी. हातात पाण्याची रिकामी बाटली होती आणि दर दोन मिनिटांनी थांबून तो तिच्यात थुंकत होता. बाटली बोटभर भरली होती. मी त्याच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती उंचवट्यासारखी तशीच उभी राहिली. ओठ पांढरे, जीभ टाळ्याला चिकटलेली. "अजून सातशे ग्रॅम हाय, अण्णा," एवढंच बोलला. सकाळी तो वजनात बसला, आणि पहिल्याच लढतीत दुसऱ्या मिनिटाला दोन्ही पोटऱ्यांत गोळे येऊन गादीवर, म्हणजे मॅटवर, आडवा झाला.

वयाने मोठा म्हणून त्या रात्री मी त्याला खाली बसवायला हवं होतं. बसवलं नाही. आज तालमीतल्या पोरांच्या खुराकाचं आणि वजनाचं काम बघतो, ते त्या रात्रीमुळे. हा लेख गादीवर लढणाऱ्या मल्लांसाठी, त्यांच्या वस्तादांसाठी आणि घरच्यांसाठी आहे. कुस्तीत गुडघा जातो, खांदा निखळतो, कान मोडतो. पण जिवावर बेतणारी आणि तरीही पूर्णपणे टाळता येणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे शेवटच्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरवलेलं वजन.

वजनगट तीन महिने आधी ठरवा

आपल्याकडे जत्रेच्या मैदानात जोड नजरेने लागते. पोरगा उभा केला, समोरचा बघितला, लावली कुस्ती. कोल्हापूरच्या खासबागेसारख्या मैदानांनी वाढवलेली ही परंपरा, तिच्यात काट्याला जागाच नव्हती. जितका अंगाने भरलेला तितका बरा, म्हणून खुराकही तसाच: दूध, तूप, थंडाई, मटण. गादीवर आलो तेव्हा काटा आला, पण खुराकाची सवय आणि जोड बघण्याची नजर जुनीच राहिली. त्यातून "खालच्या गटात उतर, तिथं तू भारी पडशील" हा सल्ला रुजला. समोरचाही त्याच सल्ल्याने खाली उतरलेला असतो, हे कुणी सांगत नाही.

म्हणून पहिलं काम, मोजमाप. हंगाम नसताना सलग दहा दिवस सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, फक्त लंगोटावर वजन करा. काटा डिजिटल हवा आणि फरशीवर ठेवलेला हवा, सतरंजीवर किंवा गादीवर नको. या दिवसांत खाणं-पिणं नेहमीसारखं ठेवा. दहा आकड्यांची सरासरी काढा. तेच तुमचं खरं वजन. सकाळची पहिली लघवी फिकट लिंबू सरबतासारखी असावी. ती कोऱ्या चहासारखी गडद असेल, तर त्या दिवशीचं वजन धरू नका, कारण तुम्ही आधीच वाळलेले आहात.

दुसरं मोजमाप चरबीचं. क्रीडावैद्यक किंवा आहारतज्ज्ञ चिमट्यासारख्या कॅलिपरने दंड, पाठ, पोट अशा ठिकाणच्या कातडीची जाडी मोजतात आणि त्यावरून अंगातल्या चरबीचा अंदाज काढतात. अमेरिकेतल्या शाळांच्या कुस्तीत नियमच आहे: मुलाची चरबी ७ टक्क्यांच्या आणि मुलीची १२ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट त्यांना मिळतच नाही. मोजमापाच्या आधी लघवी तपासतात, म्हणजे वाळलेल्या अंगाने कुणी खोटा आकडा देऊ नये. आपल्याकडे असा नियम नाही, पण हिशेब आपणही करू शकतो.

समजा पोरगा ६६ किलोचा आहे आणि चरबी १२ टक्के. म्हणजे सुमारे ७.९ किलो चरबी आणि ५८.१ किलो बाकी शरीर. चरबी ७ टक्क्यांवर आणली आणि स्नायू जरासुद्धा गमावला नाही, तर वजन होईल ६२.५ किलो. याच्या खाली जे काही उतरेल ते पाणी किंवा स्नायू. त्याला ५७ किलोच्या गटात लढवायचं म्हणजे साडेपाच किलो पाणी आणि मांस काढायचं. हे होणार नाही, आणि झालं तरी गादीवर जो उभा राहील तो तो पोरगा नसेल. ६१ त्याला दोन-तीन महिन्यांच्या शिस्तीने जमेल, तेही काठावर. ६५ मध्ये तो आजच आहे. माझं मत विचाराल तर वय एकोणीसच्या आत असेल तर ६५, आणि उरलेली ताकद डाव पक्के करण्यात घाला.

वरच्या गटात गेलं की माणूस हरतो, ही भीती आपल्याच मल्लांनी खोटी पाडली आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेटमध्ये लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते वरच्या बँटमवेट गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. बीडच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेतलं. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत तो ६१ किलोत लढला आणि कांस्य मिळवलं. ६१ हा ऑलिंपिकचा गट नाही, ही खरी अडचण आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुष फ्रीस्टाइलचे गट सहाच: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. मधल्या दऱ्या मोठ्या आहेत आणि त्याच दऱ्यांमध्ये पोरांचं शरीर सापडतं. पण जिल्ह्याला आणि राज्याला लढणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने ऑलिंपिकचा गट डोळ्यासमोर धरून उपाशी राहण्यात काहीच अर्थ नाही. चार वर्षांत तो दोन गट वर जाणार आहे. पंधराच्या आतल्या मुलाचं तर वजन उतरवूच नका. त्याची उंची वाढायची आहे, हाडं भरायची आहेत.

आठ ते दहा आठवडे: चरबी उतरवा, ताकद राखा

आठवड्याला अंगाच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, यापेक्षा जास्त नको. ६६ किलोच्या मल्लाला म्हणजे तीनशे ते साडेसहाशे ग्रॅम. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत दीड टक्का ही कमाल मर्यादा आहे, आणि ती मर्यादा म्हणूनच बघायची.

खाणं कुठे कापायचं? पहिल्यांदा थंडाईचा गडू बघा. पन्नास बदाम म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. त्यात अर्धा लिटर म्हशीचं दूध आणि साखर, की एक जेवण झालं, आणि ते जेवणाशिवाय वेगळं. रोज हजार-दीड हजार बैठका मारणाऱ्या आणि वजन न देणाऱ्या पैलवानासाठी ते बरोबर होतं. तुम्ही बदाम दहा-बारावर आणा, साखर काढा, भाकरीवरचं तूप अर्धं करा, मटणाच्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला करा. बहुतेक पोरांचं एवढ्यानेच पहिल्या महिन्यात दीड-दोन किलो उतरतं आणि मेहनतीवर काहीच परिणाम होत नाही.

प्रथिनं मात्र कमी करायची नाहीत, उलट वाढवायची. वजन उतरवत असताना किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे ६५ किलोला १३० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, अर्ध्या लिटर दुधात सोळा-सतरा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा, शिजवलेल्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये तीसच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. हे दिवसभरात चार-पाच वेळा वाटून खा. रात्री एकदम अर्धा किलो मटण खाण्याने ते काम होत नाही.

भाकरी-भात पूर्ण बंद करण्याची चूक फार जण करतात. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या मेहनतीच्या आगेमागे ज्वारीची भाकरी, भात, केळी, रताळं हवंच. बाकीच्या वेळी त्याची जागा भाजी, ताक, उसळ घेईल. लढत घेताना पाय जड वाटायला लागले, पकड लवकर सुटायला लागली, झोप तुटायला लागली, सकाळी अंथरुणात मोजलेले नाडीचे ठोके नेहमीपेक्षा आठ-दहाने वाढले, तर आठवडाभर खाणं वाढवा. वजन थांबेल. थांबू द्या.

आणि एक वही करा. तारीख, सकाळचं वजन, नाडी, झोपेचे तास, लघवीचा रंग. पाच रकाने, रोज एक मिनिट. या वहीचं काम पुढे पुन्हा येणार आहे.

शेवटचा आठवडा

तालमीतून निघताना, म्हणजे स्पर्धेच्या सात दिवस आधी, तुमचं नेहमीचं खाल्ल्या-प्यालेलं वजन गटाच्या वजनापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त नसावं. ५० च्या गटात दीड किलो, ६१ मध्ये १.८, ७४ मध्ये २.२. संशोधनात पाच टक्क्यांपर्यंतचे आकडे वाचायला मिळतात, पण त्यातले बरेचसे वजन आणि लढत यांच्यात पुरेसा वेळ मिळणाऱ्यांचे असतात. आपल्या खेळात सकाळी वजन आणि त्याच सकाळी कुस्त्या, म्हणून मी तीनवरच थांबतो.

हे तीन टक्के येतात कुठून, ते समजून घ्या म्हणजे घाबरगुंडी उडणार नाही.

पहिला वाटा पोटातला. आतड्यात चोथा असतो आणि चोथ्याबरोबर पाणी. शेवटचे अडीच-तीन दिवस भाकरी, उसळ, पालेभाजी, काकडी-गाजर बंद करून मऊ भात, दही, अंडी, चिकन, पनीर असं कमी चोथ्याचं खाल्लं, की उपाशी न राहता अर्धा ते एक किलो कमी होतं. जुलाबाची गोळी घेऊन हेच करायला गेलात तर पाण्याबरोबर क्षारही जातात आणि पायात गोळे येतात.

दुसरा वाटा स्नायूंत साठवलेल्या साखरेचा. एक ग्रॅम साठा आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मेहनत हलकी करून भात थोडा कमी केला, मिठाचे लोणचं-पापड-फरसाण टाळले, की आणखी अर्धा-पाऊण किलो उतरतं. वजनानंतर खाल्लं की त्यातलं काही परत येतं. पूर्ण येत नाही, म्हणून भात शून्यावर आणू नका.

तिसरा वाटा घामाचा, आणि तो सगळ्यात लहान असावा. आदल्या संध्याकाळी सुती कपड्यांत अर्धा तास गादीवर हलकी लढत, जोडीदार सोबत, हवा खेळती. तीन-चारशे ग्रॅम जातात. पाणी आदल्या दुपारपर्यंत नेहमीसारखं प्यायचं, त्यानंतर घोट-घोट. आठ-दहा लिटर पाणी पिऊन मग एकदम तोडायची युक्ती मोबाइलवर फिरते, तिच्या वाटेला जाऊ नका. कमी वेळात एवढं पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते आणि झटके येऊ शकतात.

आदल्या रात्री झोपताना बहुतेकांचं वजन गटापेक्षा अर्धा किलो जास्त असलं तरी चालतं. श्वास, घाम आणि सकाळची लघवी यातून रात्रभरात अर्धा ते एक किलो आपोआप उतरतं. तुमचं नेमकं किती उतरतं? वहीत आठवडाभर रात्रीचंही वजन लिहा, कळेल. जिन्यात धावणाऱ्या त्या पोराला हा एक आकडा माहीत असता तर तो बराचसा रस्ता झोपून काटला असता.

सूट, गोळ्या, सलाईन

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत पाच आठवड्यांच्या आत कॉलेजचे तीन मल्ल मेले. तिघेही वजन उतरवत होते. तिघांच्याही अंगावर हवा न खेळणारा सूट होता आणि तिघेही गरम जागेत व्यायाम करत होते. घाम निघाल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. प्लॅस्टिकच्या आत घाम वाळत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं, रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयाला कमी रक्तात जास्त काम करावं लागतं आणि अंगातला ताप चढतच राहतो. त्या तीन मृत्यूंनंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट, सॉना (घाम काढायची गरम खोली) आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी आली आणि वजन लढतीच्या जवळ आणलं गेलं. आपल्या तालमीत हा नियम करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. सूट कुणाच्याही पिशवीत दिसला तर तो काढून घ्यायचा, बस.

लघवी करवणाऱ्या गोळ्या जागतिक उत्तेजकविरोधी यादीत कायम बंदी असलेल्या आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. "रक्तदाबाचीच तर गोळी आहे" म्हणून आजोबांच्या डब्यातली फ्युरोसेमाइड घेतली तरी नमुना दूषितच येतो. वर रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात, ते वेगळं. चरबी जाळणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूल दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. डब्यावर न लिहिलेलं उत्तेजक आत निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत आणि जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. औषध तपासायला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, हिचं 'नो युअर मेडिसिन' हे ॲप आहे. दम्यासारख्या खऱ्या आजाराला बंदीतलं औषध लागत असेल तर डॉक्टरांच्या कागदपत्रांसह आधी रीतसर परवानगी मागता येते.

आता सलाईन. वजन दिल्यावर ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊन एक बाटली लावून घ्यायची पद्धत अजून आहे. पुष्कळ वस्तादांना हे माहीत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: बारा तासांत १०० मिलीलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं हा उत्तेजकविरोधी नियमांचा भंग आहे. रुग्णालयातले खरे उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासण्या यांच्या ओघात दिलं असेल तरच चालतं. पोरगा खरोखर आजारी असेल तर सलाईन लावाच, जीव पहिला. मग त्याची स्पर्धा तिथेच संपली असं धरायचं.

उष्माघात झाला तर

पोरगा अडखळतोय, असंबद्ध बोलतोय, चिडतोय, ओळखत नाही, उलटी करतोय किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं असायलाच हवं असं नाही. मेहनतीतल्या उष्माघातात घाम येत असतो आणि त्यामुळेच लोक फसतात.

कपडे काढा. बर्फाचं किंवा मिळेल तितकं गार पाणी ड्रममध्ये, टाकीत, नाहीतर चार जणांनी कोपरे धरलेल्या ताडपत्रीत भरा आणि त्याला गळ्यापर्यंत त्यात ठेवा. डोकं एकाने धरायचं, एकाने पाणी ढवळत राहायचं. हे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. आधी थंड करणं, मग हलवणं, हा क्रम उलटा करू नका. गाडीत घालून तापलेल्या अंगाने तासभर नेण्यात मेंदू आणि यकृत जातं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. शुद्धीवर आला, थरथरायला लागला, की बाहेर काढा आणि तरीही रुग्णालयात न्या. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस गादी नाही.

वजन दिल्यावर

काट्यावरून उतरल्यावर हातात पहिली गोष्ट ओआरएस हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. गोड चवीची खोक्यातली पेयं वेगळी, त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत अर्धा लिटर, घोट-घोट. मग दर पंधरा मिनिटांनी दीडशे-दोनशे मिलीलिटर. घामाने जितके किलो गेले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर एकूण भरून काढायचं आहे, कारण काही भाग लघवीतून जातोच. नुसतं साधं पाणी ढोसलं तर लघवी वाढते, तहान भागते आणि अंग मात्र भरत नाही.

अर्ध्या तासाने खाणं: मीठ घातलेला मऊ भात आणि वरणाचं पाणी, पिकलेलं केळं, मध-ब्रेड, कमी तुपाचा शिरा. दूध, अंड्यांचा ढीग, मटण, वडापाव संध्याकाळी. उपाशी पोटात एकदम तेल-तूप गेलं की पहिल्या लढतीत ते घशाशी येतं. नवीन काहीही त्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका, तालमीत आधी दोनदा करून बघा.

दुसऱ्या दिवसाचं वजन

२०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत एक गट दोन दिवस चालतो आणि अंतिम फेरी, कांस्य किंवा रेपचाजला (हरलेल्यांना कांस्यासाठी मिळणारी दुसरी संधी) उरलेल्यांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन द्यायचं. हा नियम काय करतो ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पॅरिसमध्ये ६ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाटने ५० किलोत तीन कुस्त्या मारल्या. पहिलीच जपानच्या युई सुसाकीवर, जी आंतरराष्ट्रीय गादीवर कधीच हरली नव्हती. मधल्या वेळेत खाणं-पिणं झालं आणि संध्याकाळी वजन अडीच किलोंहून जास्त वर होतं. रात्रभर घाम काढला, केस कापले, कपड्यांना कात्री लावली. सकाळी काटा १०० ग्रॅम वर थांबला. ती अंतिम फेरीतून बाद झालीच, शिवाय नियमाप्रमाणे सर्वांत शेवटी टाकली गेली.

मी ते शंभर ग्रॅम बघत नाही. ती आधी ५३ मध्ये लढत होती, त्या गटातली जागा दुसरीला गेल्यावर ५० मध्ये उतरली. चूक शोधायची तर त्या रात्रीत सापडणार नाही, ती निवडीच्या त्या रचनेत आहे जिने एका मल्लाला तिच्या अंगात न बसणारा गट घ्यायला लावला.

त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने ५७ किलोत कांस्य जिंकलं. उपांत्य लढतीनंतर त्याचं वजन ६१ च्या वर गेलं होतं आणि दहा तासांत त्याने साडेचार किलोंच्या वर उतरवलं. देशभर त्या रात्रीचं कौतुक झालं. पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तो १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न लढता बाहेर गेला. शरीर तेच, गट तोच. आमच्या तालमीतली पोरं पहिली गोष्ट एकमेकांना सांगतात, दुसरी सांगत नाहीत, म्हणून मी दोन्ही एकत्र सांगतो.

दोन दिवसांच्या स्पर्धेला हिशेब असा करा. पहिल्या दिवशी लढतींमध्ये भरपूर पिऊन-खाऊनही संध्याकाळी तुम्ही गटापेक्षा एक-सव्वा किलोच वर असायला हवं, म्हणजे रात्रीची आपोआप उतरण आणि सकाळचा हलका घाम पुरेल. तालमीत एकदा हा दिवस पूर्ण खेळून बघा: सकाळी वजन, तीन लढती, मध्ये नेहमीचं खाणं, रात्री वजन, सकाळी वजन. रात्रीचा आकडा दोन-अडीच किलो वर आला तर तुमचा गट चुकला आहे. हे पॅरिसला कळण्यापेक्षा तालमीत कळावं. स्पर्धेत स्वतःचा काटा सोबत न्या आणि पहिल्याच दिवशी अधिकृत काट्याशी ताडून बघा. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक काट्याकाट्यात असतोच.

मुलींच्या बाबतीत

सगळं वरचंच, आणि एक गोष्ट जास्त. मेहनतीच्या मानाने खाणं सतत कमी पडलं तर शरीर आधी पाळी थांबवतं. "मेहनत आहे, पाळी चुकणारच" हे वाक्य तालमीत चालू देऊ नका. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि क्रीडावैद्यक दोघांनाही दाखवा. त्यामागून हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक भेगा जातात, जखमा लवकर भरत नाहीत. मुलांमध्येही असंच होतं, फक्त त्यांना पाळीसारखी खूण नसते. त्यांची सकाळची सुस्ती, पडलेला चेहरा, वारंवारचं सर्दी-पडसं हीच खूण. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, वर्षातून दोनदा तपासा. पाळीच्या आधी अर्धा-एक किलो पाणी अंगात धरलं जातं, तेही वहीत लिहा आणि स्पर्धेच्या तारखेशी जुळवा.

मुलीचं वजन बाईनेच, बंद खोलीत घ्यावं आणि आकडा मोठ्याने सांगू नये. वस्ताद पुरुष असतील तर या गोष्टी बोलायला एक ताई ठरवून द्या, सिनिअर मल्ल असो की कुणाची आई.

वस्ताद आणि घरचे

पोरगा स्वतः थांबणार नाही. त्याच्या डोक्यात गावाची पैज आहे, बापाने विकलेली म्हैस आहे. थांबवायचं वस्तादांनी, आणि ते आधीच ठरवून. आमच्याकडे तीन रेघा आहेत आणि त्या भिंतीवर लिहिलेल्या आहेत: सात दिवस आधी तीन टक्क्यांच्या वर असेल तर वरच्या गटात नाव द्यायचं. आदल्या रात्री एक किलोच्या वर असेल तर वजनाला जायचं नाही. चक्कर, असंबद्ध बोलणं किंवा सहा तास लघवी नाही, यातलं काहीही झालं तर वजन उतरवणं त्याच क्षणी बंद. पहिल्या वर्षी दोन पोरं स्पर्धेला मुकली. एकाचे वडील माझ्याशी चार महिने बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात स्वतः आले आणि "त्याला पासष्टातच ठेवा" म्हणाले.

स्पर्धा संपल्यावर दोन दिवस पोरांना हवं ते खाऊ द्या, तांबडा-पांढरा होऊ द्या. पण तिसऱ्या दिवसापासून नेहमीचं ताट. हंगामात पाच किलो उतरवायचे आणि संपल्यावर आठ चढवायचे, असं वर्षाला तीन-चारदा झालं की प्रत्येक वेळी उतरवणं अवघड होत जातं. सोमवारी सकाळी सहाला, शौचाला जाऊन आल्यावर, लंगोटावर काट्यावर उभं राहायचं आणि वहीचं नवीन पान काढायचं. वर तारीख, खाली पुढच्या स्पर्धेला उरलेले आठवडे.